उभ्या गाडीला ब्रेक कशाला

माझंच कापड होतं ते. हिरवं, पांढऱ्या बुट्ट्यांचं. माझ्या जुन्या ब्लाउजची बाही फाडून मीच ती पट्टी काढलेली, मीच आमच्या गाडीच्या पाण्याच्या पाइपाला तीन वेढे देऊन गाठ मारलेली. आणि तोच पाइप, तीच पट्टी, आता परक्या बाईच्या गाडीत, उघड्या बॉनेटखाली. कडेवर पोरगी, समोर ती म्हातारी हसतेय, "बघ बाय, कशी ठेवलीय," म्हणतेय, आणि मला वाटलं इथंच माकुणसारला हिच्या अंगणात चक्कर येऊन पडते मी.

मी तर दुसरंच पकडायला गेले होते. नवऱ्याची बाई पकडायला.

थांबा, पहिल्यापासून सांगते. आमी बोईसरला भाड्याच्या खोलीत राहायचो, नवरा कारखान्यात मशीन दुरुस्तीला. गाडी त्याला त्याच्या साहेबानं बदली होऊन जाताना दिलेली, दुसरं कोणी घेत नव्हतं म्हणून. ती गाडी बनवायचीच बंद झालेली. पार्ट मागायला गेलं की पालघरचा दुकानदार म्हणायचा, "वहिनी, ही गाडी मेली, तिचं सुतक पण फिटलं." तरी नवरा रोज तिच्यातनंच कामाला जायचा. आणि मला ती पाहिजे होती पोरीसाठी. पोरीला दमा. छाती भात्यासारखी वरखाली, ओठ निळे, आणि डॉक्टर पालघरला. एकदा रिक्षानं नेत होते, तर तिची मान लटकलेली बघून रिक्षावाल्यानं अर्ध्या रस्त्यात थांबवली. "भाभी, बच्ची को कुछ हो गया तो मेरे पे आएगा, आप उतर जाओ." उतरले मी. त्या दिवसापासून गाडी सोडून मी कोणावर विसंबले नाय.

पार्ट मिळत नाय म्हणून चोरीची भीती. नवऱ्यानं मला शिकवलेलं, गाडी लावली की पुढचं झाकण उघड, वायरींच्या टोपीच्या दोन क्लिपा सोड, आतलं अंगठ्याएवढं काळं तुकडं उपस. रोटर म्हणतात त्याला. ते नसलं की गाडी नुसती खोकते, चालू होत नाय. ते मी चहाच्या डब्यामागं ठेवायची. मला शिकलेल्या बाईसारखं वाटायचं ते करताना.

मग नवरा आयतवारी जायला लागला. दर आयतवारी. "मित्राकडं जातो," म्हणायचा. येताना केळी, खोबऱ्याच्या वड्या, आणि अंगाला कुठल्यातरी दुसऱ्याच साबणाचा वास. शेजारची वहिनी दारात तांदूळ निवडत बसायची, म्हणायची, "काय गो, ओव्हरटाइम का? कुठला कारखाना हा, खोबऱ्याच्या वड्या काढतो?" मी हसले वरवर. पण मग त्याच्या पँटीत एक चावी मिळाली, आमची नव्हं. आणि वहिनीच्या भावानं आमची गाडी माकुणसारला बघितली, एका विधवेच्या दारात. ओळखायला चूक कशी होणार, तशी दुसरी गाडी होतीच कुठं?

होती. त्याच दारात होती.

मंगळवारी नवरा पाळीला गेल्यावर पोरीला घेऊन मी एसटीनं गेले. रस्ताभर मनात भांडत होते, असं बोलीन, तसं बोलीन, झिंज्याच धरीन. दार उघडलं तर साठीची बाई, केस कापसासारखे. मी कोण ते कळल्यावर तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "अगो, तू त्याची होय! तुझा नवरा म्हणजे देवमाणूस बाय. आमचे हे गेले नि गाडी अशीच उभी. तो रस्त्यानं जाताना बघून आत आला. म्हणाला, काकी, चालू करत राहिलं नाय तर मरेल ती. तवापासून दर आयतवारी येतो. चावीच देऊन टाकली मी त्याला."

आणि मला हात धरून तिनं मागं नेलं, ताडपत्री ओढली, बॉनेट उघडलं. आमच्यासारखीच गाडी. आणि तिच्यात माझी हिरवी पट्टी.

"शुक्रवारी निघणार ही," म्हातारी म्हणाली. "माझा भाचा येतोय, तो चालवणार. वाघोबाच्या खिंडीत नारळ फोडायचा नि पुढं मासवणला लेकीकडं. बाळंतीण हाय ती. तिला नि बाळाला घरी आणायचं, आजोबांच्या गाडीतनं."

तिनं चहा दिला, त्यावर साय धरली. वाघोबाची खिंड तुमी बघितली असेल तर तुमाला सांगायला नको. उतार, वळण, परत उतार.

संध्याकाळी नवरा आला तवा मी ताट वाढलंच नाय. "अहो, माझी पट्टी माकुणसारला कशी गेली?"

तो चपला काढायला वाकला. मग म्हणाला, "आपला पाइप फुटत आलेला. तिचा चांगला होता."

"अजून काय काय आणलंत?"

"पंप."

"अजून?"

"कशाला विचारतेस?"

"ब्रेक?"

तो पोरीकडं बघायला लागला. "ब्रेकचा सिलिंडर आपला गळत होता, तो तिच्यात घातला, तिचा आपल्याला. कुठं मिळणार? तिची गाडी जाग्यावरनं हलत नाय. उभ्या गाडीला ब्रेक कशाला?"

"शुक्रवारी हलणार हाय ती. बाळंतीण बसणार हाय तिच्यात."

त्याचं तोंड उतरलं, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण मग म्हणाला, "परत बसवला तर आपल्या पोरीला कशावर नेशील? तो रिक्षावाला आठवतो ना?"

आठवत होता. म्हणून तर मी लगेच काय बोलले नाय, हे पण सांगून टाकते.

रडून, हातापाया पडून शेवटी त्याच्याकडनं कबूल करून घेतलं. गुरुवारी पाळी सुटली की जातो, बसवून येतो, म्हणाला. गेला. आला. "बसवला," म्हणाला आणि जेवायला बसला. मी त्याच्या हाताकडं बघत होते. ब्रेकचं काम केलं की त्याची नखं तीन दिवस काळी राहतात, राकेलनं पण निघत नाय. आणि आज नखं स्वच्छ. धुतल्या तांदळासारखी. मी विचारलं, "नक्की बसवला?" तो म्हणाला, "तुझा माझ्यावर विश्वासच नाय." खरंच नव्हता.

सकाळी तो पाळीला गेला आणि मी पहिल्या एसटीनं माकुणसार. सांगून टाकायचं असं ठरवून गेले होते. खरंच. पण म्हातारी नवं लुगडं नेसून बसलेली, बाळासाठी टोपडं शिवलेलं, गाडीला झेंडूचा हार. "तुझ्या नवऱ्याचे उपकार," म्हणाली, "काल पण येऊन आशीर्वाद घेऊन गेला." म्हणजे आला होता. म्हणजे ब्रेक बसवला की नुसता पाया पडून गेला? तिला विचारलं तर तिला सगळं कळणार, नाय विचारलं तर मला कळणार नाय. सांगितलं तर नवरा चोर, मी चोराची बायको, आमचा ब्रेक जाणार, आणि दम्याला हिवाळा तर पुढंच उभा.

ती पोरीला केळं आणायला आत गेली. मी बॉनेट उचललं. दोन क्लिपा. रोटर उपसला. कमरेला खोचला. बॉनेट बंद.

भाचा आला, त्यानं किती चावी फिरवली. गाडी नुसती खोकली. माझ्या पोरीसारखी. झाकणं उघडून बघितली, पण त्याला त्यातलं काय कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी तसलं तुकडं आणणार कुठनं? म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "ह्यांच्या मागनं गेली गो." शेवटी टेम्पो सांगितला. बाळंतीण नि बाळ टेम्पोतनं सुखरूप आले.

आयतवारी नवरा गेला आणि तिसऱ्या प्रहरी ती गाडी ट्रकामागं दोर बांधून घेऊन आला. म्हातारीनं देऊनच टाकली. "ती आता उठत नाय, तूच ने पोरा, तुझ्या गाडीला कामाला येईल," म्हणाली. त्यानं दारातच बॉनेट उचलून वायरींची टोपी उघडली, आतली रिकामी जागा बघितली. मग माझ्याकडं बघितलं. मी भांडी घासत होते. त्यानं टोपी परत लावली. त्या गाडीच्या मागच्या चाकाशी ब्रेकचं तेल गळून माती ओली होती का, हे मी पण जाऊन बघितलं नाय.

चार वर्षं आमची गाडी तिच्यावर चालतेय. पोरगी सात वर्षांची झाली, किती वेळा पालघरला पोचली ते मोजलं नाय. म्हातारी अजून सणाला वड्या पाठवते. तो रोटर माझ्या ट्रंकेत हाय, त्याच हिरव्या पट्टीत गुंडाळलेला. नवरा अजून सांगतो, बसवला होता. मी अजून त्याची नखं बघते, आणि तो माझे हात बघतो.

मी त्या बाळाला वाचवलं, का म्हातारीची गाडी लुबाडली? कडेवर तुमची पोरगी असती, कमरेला तो रोटर असता, आणि म्हातारी हातात केळं घेऊन दारातनं बाहेर येत असती, तर तुमी काय केलं असतं?