वरून ओतलेलं पाणी

उंचावरून पडणाऱ्या पाण्याला एक आवाज असतो. ओंजळीत पडताना तो जाड येतो, मग बोटांच्या फटींतून निसटून कोपरापर्यंत ओघळताना बारीक होत जातो. तोंडात जातं त्याहून अंगावरच अधिक सांडतं. माझ्या बालपणाचं पाणी असं होतं, बरं का! जळकोटच्या बाजूचं आमचं गाव, राज्य निजामाचं. गावच्या विहिरीला आम्ही शिवायचं नाही असा रिवाज. कुणी दयाळू बाई पोहरा ओढी आणि हातभर उंचीवरून आमच्या ओंजळीत धार सोडी. आजोबांनी ख्रिस्ताला आपलं म्हटलं, जात मागं टाकली. गावानं मात्र ती टाकली नाही. पुढं वस्तीतल्या माणसांनी घाम गाळून स्वतःची विहीर खणली, तेव्हा कुठं आमच्या ओंजळी सुटल्या.

ख्रिस्ती म्हणून जगणं म्हणजे नेमकं काय हो? रविवारची उपासना, नाताळची चांदणी, गळ्यातला क्रूस? ही त्या जगण्याची आभूषणं, आणि त्यांच्यावर माझा फार जीव आहे. पण आभूषण म्हणजे काही देह नव्हे. तो देह मी लहानपणी उघड्या डोळ्यांनी पाहिला, आणि त्या दर्शनाबद्दल परमेश्वराचे उपकार किती म्हणून मानू!

रझाकारांच्या धामधुमीचा तो उन्हाळा. जिवाच्या भयानं गावातले पुष्कळ बाप्ये सोलापूरकडं, हद्दीपल्याड निघून गेलेले. पाटलांचे गडीही पांगलेले. अशात गावच्या विहिरीत म्हशीचं रेडकू पडून मेलं आणि पाण्याला दुर्गंधी सुटली. रणरणत्या दुपारी रिकामी घागर घेऊन पाटलीणबाई स्वतः आमच्या विहिरीवर आल्या. घरात ओली बाळंतीण सून, आणि रांजणात थेंब नाही! आमच्या विहिरीचाही तळ दिसू लागला होता.

त्या जरा लांबच उभ्या राहिल्या. ओठ सुकून पांढरे झालेले. "शेवंता, आधी घोटभर पाणी दे गं," असं आईला म्हणाल्या आणि, काय सांगू तुम्हाला, आमचं भांडं शिवायला नको म्हणून त्यांनीच ओंजळ पुढं केली!

माझी आत्या म्हणजे जिभेची सुरी. "वत वरनं! चांगलं हातभर उंचावरनं वत. कळू दे की कोपरावरनं पानी कसं गळतंय. आज न्हाय व्हय बाटत आमची हीर?"

आईच्या हातात भरलेला तांब्या. त्या एका क्षणाच्या तराजूत काय काय होतं! वरून ओतावं, तर पिढ्यांचं उट्टं निघेल. हातात द्यावा, तर पाटलीणबाई अपमान मानतील, आणि बाप्ये परतल्यावर साऱ्या वस्तीला जाब द्यावा लागेल. आई पुढं गेली. दोन्ही हातांनी तांब्या तिनं समोर धरला.

"हातात घ्या, बाईसाहेब. वरनं वतायचं मला न्हाय जमत."

"अगं, पर..."

"घरी बाळंतीण खोळंबली असंल. घ्या."

ओंजळ हळूहळू सुटली. पाटलीणबाईंनी तांब्या घेतला, ओठांना लावला आणि डोळे मिटून प्याल्या. आईनं त्यांची घागर भरून दिली. "लई शाणी हाय ही!" म्हणत आत्यानं कपाळावर हात मारला, पण घरातली आपली घागर तीच घेऊन आली आणि पोहरा सोडता सोडता पुटपुटली, "लेकराचं अंग धुवायला एवढ्यानं काय व्हतंय?"

गाव बदललं असेल असं वाटतं ना तुम्हाला? नाही हो. गावची विहीर उपसून स्वच्छ झाली आणि थोड्याच दिवसांत आमची आटली. आईबरोबर मी गावच्या विहिरीवर गेले, तर पोहरा पाटलीणबाईंच्याच हातात. चार बायका बघत होत्या. पाटलीणबाईंनी मान वळवली आणि धार सोडली, पूर्वीइतक्याच उंचावरून.

माझ्या डोळ्यांत संतापाचं पाणी आलं. आई मात्र पोटभर प्याली, ओलं कोपर पदराला पुसत तिनं विचारलं, "बाळ अंगावर पितंय न्हवं नीट, बाईसाहेब?"

त्या प्रश्नात मी टोमणा शोधला, राग शोधला. कुठंच सापडला नाही. तिला खरोखरच त्या बाळाची काळजी होती. प्रभो, अशा बाईच्या पोटी तू मला घातलंस; आणखी मागू तरी काय?