तीनदगडीवरच्या एकतीस वेली

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, हॉस्टेलवरच्या मैत्रिणीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे — ते मलाही नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी वेलीबद्दल सांगते. माझ्यापेक्षा तिच्याबद्दल बोलणं सोपं आहे.

आमच्याकडे तिला खरपुडी म्हणतात. तलासरीपासून पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी आमचा पाडा आहे. पाड्यामागे करवंदीच्या जाळ्यांचा एक उतार आहे — होता. पावसाळ्यात तिथे गवताच्या आधाराने ही बारीक वेल चढायची. भाद्रपदात तिला फूल यायचं, बोटाच्या पेराएवढं, हिरवट जांभळं, बंद कंदिलासारखं. मातीत सुपारीएवढा कंद. शेळ्यांमागे फिरताना आम्ही पोरं तो कंद काडीने उकरायचो, फ्रॉकला पुसायचो आणि कच्चाच खायचो. थोडा गोड, बराचसा पाणचट. डहाणूला कॉलेजात गेल्यावर कळलं की ही वेल नष्ट होत चाललेल्या झाडांमध्ये मोजतात. वर्गात फळ्यावर तिचं चित्र बघून मला आधी हसू आलं. मग मनात आलं — आपण काय खाल्लं होतं?

पण आम्ही खायचो ते फुईच्या नियमाने. फुई म्हणजे माझ्या बाबांची बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून आमच्याकडेच राहते. तिचा नियम एकच होता. खरपुडीच्या शेंगा जोडीने लागतात, बैलाच्या शिंगांसारख्या. त्या वाळून फुटल्या की आतून पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्या उडतात. आधी म्हाताऱ्या फुंकायच्या, मग कंद काढायचा. कच्च्या शेंगेच्या वेलीला हात लावलेला दिसला की फुई पाठीत धपाटा घालायची. तिच्या हाताला वजन होतं, अजून आहे.

फुई चिकूच्या वाडीत कामाला जाते. चिकू झाडावर पिकला की नाही हे कळणं अवघड असतं, रंग फारसा बदलत नाही. फुई झाडाखाली उभी राहून सांगते — तो उतरव, तो नको. वाडीचा मालक इतर बायका बदलतो, हिला नाही. हे मी आत्ताच का सांगितलं ते पुढे कळेल.

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी दुसऱ्या वर्षी एक काम काढलं. ज्याने त्याने आपल्या गावाभोवतीची दुर्मिळ झाडं शोधायची आणि तक्ता भरायचा. स्थानिक नाव, जागा, किती झाडं, फोटो. मी खूप मन लावून कामाला लागले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. मला वाटलं, इथे तरी मला इतरांपेक्षा जास्त येतं.

करवंदीच्या उतारावर सतरा वेली मिळाल्या. पूर्वी खरपुडी आणखी दोन डोंगरांवर असायची, तीनदगडीवर आणि वाघझरीवर. फुई म्हणाली, "तठं नको जाऊ गे. तठली संपली. दोन पावसाळं मी बघते, नाय उगवत." तरी मी गेले. दोन्ही डोंगर पूर्ण चढले, गवत हाताने बाजूला करत सगळं पाहिलं. आळस केला नाही मी, हे सांगायलाच हवं. आळस केला असता तर तेवढाच दोष असता.

एकही वेल नव्हती. ना इकडे, ना तिकडे.

म्हणजे तक्त्यात दोन ठिकाणी शून्य लिहायचं होतं. आणि शून्य — कसं सांगू? मराठी शाळेत गणिताच्या पाटीवर मला शून्य मिळालं होतं, तेव्हा गुरुजींनी ती पाटी हातात धरून मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. येणाराजाणारा वाचून जायचा. माझ्यासाठी शून्याचा तेवढाच अर्थ होता. वाढवणकडच्या माझ्या मैत्रिणीचा तक्ता खाडीकाठच्या झाडांनी भरून तिला दुसरं पान लागलं होतं. माझ्या तक्त्यात एक ओळ आणि दोन शून्यं. मॅडमना वाटेल हिला शोधता आलं नाही. हिला जमत नाही.

मी तीनदगडीपुढे एकतीस लिहिलं. वाघझरीपुढे चोवीस. तीस आणि पंचवीस नाही लिहिलं, कारण गोल आकडा खोटा वाटतो. एवढं मला त्याही क्षणी सुचत होतं. फोटो करवंदीच्या उतारावरचेच, वेगळ्या बाजूने काढलेले.

घरी फुईने विचारलं, "मिळली?"

मी म्हटलं, मिळाली. वरच्या अंगाला आहे.

तिचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. "हायला," म्हणाली, "मंग माझंच चुकलं की गे!" आणि किती वेळ हसत राहिली.

तेव्हाच सांगता आलं असतं, नाही का? एक वाक्य पुरलं असतं.

महिनाभराने मॅडम पाड्यावर आल्या. दरम्यान उताराच्या मालकाने तो मुरमासाठी द्यायचं ठरवलं होतं. आमच्या बाजूला रस्त्यांचे भराव चालू आहेत, मुरूम हवाच असतो. मॅडम वर्गात म्हणाल्या होत्या, "एखादी वेल एकाच जागी उरली असेल तर ती जागा सुटावी म्हणून मी अर्ज करीन, ऑफिसात जाऊन बसेन." ओसरीवर बसून त्या माझा तक्ता बघत होत्या. फुईने कोरा चहा आणून ठेवला आणि तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, पोरगी सांगते तठं हाय म्हणून. पण मना नाय दिसली कधी. मी म्हणते, हाय ती एवढीच."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

आता सांगते. इथवर नुसती इकडून तिकडून फिरत होते ते यासाठीच. मी अगदी पुस्तकातल्या भाषेत म्हटलं, "मॅडम, फुईला आता नीट दिसत नाही. वयामुळे तिच्या लक्षातही राहत नाही."

जी बाई झाडाखालून चिकू ओळखते, तिच्याबद्दल. तिच्या समोर. तिच्या हातचा चहा पीत.

फुईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल, धपाटा घालेल. ती म्हणाली, "असंल बाई. पोरगी शिकलेली हाय. म्हातारीचं काय मनावर घेता?" आणि रिकामा कप घेऊन आत गेली.

मॅडमनी हिशेब केला — दोन डोंगरांवर पंचावन्न आहेत, मग या उतारासाठी भांडायला नको. इथल्या सतरा उचलून कॉलेजच्या बागेत लावू. भांडून उतार वाचला असता का? मला माहीत नाही. पण कुणीतरी भांडलं असतं.

खणायला आम्ही चौघी होतो. वेलींना शेंगा होत्या, हिरव्या. फुई दाराशी उभी होती. ती उतारावर आली नाही. मी कुदळ घेऊन निघाले तेव्हा एवढंच म्हणाली, "शेंगा कच्च्या हायत."

मला ऐकू आलं होतं. मी थांबले नाही.

कॉलेजात कुंड्यांवर नावाच्या पाट्या लागल्या. वेली वाळल्यावर कंद जमिनीत कोरडे झोपतात, हे फुईला माहीत होतं. मलाही माहीत होतं. बागेचे मामा रोज इमानदारीने पाणी घालत राहिले आणि मी त्यांना सांगितलं नाही, कारण जास्त बोललं की जास्त विचारतील अशी भीती मला तोवर सवयीची झाली होती. उन्हाळ्यात कुंड्या उपसल्या तर कंदांचा काळा लगदा झाला होता. तोवर उतारही राहिला नव्हता. तिथे आता लाल खड्डा आहे.

मॅडम म्हणाल्या, हरकत नाही, पुढच्या पावसात तीनदगडीवरून बी आणू.

आम्ही गेलो. दोन दिवस, दोन्ही डोंगर. मी सगळ्यांच्या पुढे होते. वाकून गवत बाजूला करत होते, थांबत होते, "इथेच कुठेतरी होती," असंही म्हणत होते. जे नाही ते शोधायचं नाटक कधी केलंय तुम्ही? पाय खरंच दुखतात.

शेवटी मॅडम दगडावर बसल्या. म्हणाल्या, "गावातल्यांनी खणून खाल्ली असणार." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मला वाईट वाटलं. अहवालात तेच वाक्य आलं — स्थानिक लोकांनी बेसुमार खणल्यामुळे नष्ट. त्याखाली पाड्याचं नाव, आणि पहिल्या पानावर माझं.

मी तो अहवाल घरी नेला. फुईने पदराला हात पुसून तो हातात घेतला. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "आपल्या पाड्याचं नाव कठं हाय? वाच ना." मी त्या ओळीवर तिचं बोट ठेवलं आणि वाचलं — पाड्यातल्या लोकांनी खूप मदत केली.

तिने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून कणगीच्या वर ठेवलाय.

मी आता एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मॅडम नव्या मुलांना माझं उदाहरण देतात.

आणि फुई — दर भाद्रपदात वाडीचा एक खाडा करून तीनदगडीवर जाते. एकटी. मी पहिल्यांदा विचारलं, कशाला? तर म्हणाली, "कागदात हाय ना एकतीस. तू डोळ्यांनी बघितलीस. एखादी तरी ऱ्हायली असंल." यंदाही गेली. मी सुट्टीला घरी होते. दुपारी उतरून आली, पायाला कुसळं लागलेली. ओट्यावर बसली, एकेक कुसळ काढत राहिली. तीही बारीक कुसळं, चिमटीने, न चाचपडता.

"नाय मिळली," म्हणाली. "माझं डोळंच गेलं गे."

मी तिला पाणी आणून दिलं. ती ते प्यायली.