कुड्याच्या सालीची परीक्षा

कडू ते औषध, असं म्हणणाऱ्या माणसाशी मी आजही नीट बोलत नाही. एकोणीसशे तीसनंतरच्या काही वर्षांत मी पंचवटीतल्या एका औषधांच्या कारखान्यात रसायनशाळा सांभाळत होतो. शाळा कसली, एक मेज, स्पिरिटचा दिवा आणि काचेच्या नळ्या.

पेठ-सुरगाण्याकडून कुड्याची साल यायची. आवेवर तिच्यासारखं औषध नाही. तिची भुकटी सौम्य आम्लात उकळून गाळायची आणि त्या पाण्यात पाऱ्याच्या क्षाराचे दोन थेंब टाकायचे. औषधी द्रव्य असलं की पाणी दुधासारखं गढूळ होतं, नसलं की निवळ राहतं. आमची साल झकास गढूळ व्हायची.

एके सकाळी निफाडकडचा एक शेतकरी रिकामी होत आलेली डबी घेऊन कारखान्याच्या दर्शनी दुकानात परत आला. त्याच्या मुलीला रक्ताची आव होती.

"वैद्यबुवा, चूर्ण संपत आलं, पण पोरीला उतार नाय. लय खंगली हो."

"पथ्य मोडलं असेल," गल्ल्यावर बसलेले आमचे वैद्य मालक म्हणाले. "अजून एक डबी न्या."

मला राहवलं नाही. डबीत उरलेलं चूर्ण मी तपासलं. निवळ! पुन्हा केलं, पुन्हा निवळ. मागच्या अंगणात गेलो, तर काढा करून पिळलेला सालीचा चोथा उन्हात वाळत पडला होता आणि शेजारी काडेचिराईताच्या जुड्या. चोथ्यात चिराईत दळलं की चूर्ण कडूजहर लागतं, आणि कडू लागलं की आपले लोक खूश! मला तपासायला मिळायचं ते फक्त आलेलं पोतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक मालकांना गाठलं.

"लोकांना चोथा विकता? पोर मरेल त्याची!"

"हळू बोला, गिऱ्हाईक बसलंय."

मी कसला हळू बोलतो! एका नळीत पोत्यातली साल, दुसरीत डबीतलं चूर्ण, अशी दोन्ही पाणी घेऊन दुकानात गेलो आणि त्या शेतकऱ्यासमोर थेंब टाकले. "बघा दादा, तुमच्या डोळ्यांनी बघा."

त्यानं दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून नीट पाहिल्या.

"साहेब, ही तर गढूळ हाय. आजारी पोरीला गढूळ कसं देऊ? ही निवळ हाय, यातलंच द्या."

"अहो, गढूळ झालं म्हणजेच त्यात औषध आहे!" मी ओरडलो. ओरडायला नको होतं, पण राग कुणाचं ऐकतो? तो बिचकून मालकांकडे सरकला. मालकांनी शांतपणे नवी डबी कागदात बांधली. "आमच्या साहेबांनी तुमच्यासमोरच तपासलंय," ते म्हणाले. मालकांच्या तोंडावर एक बुक्की हाणावी, असं मला वाटलं.

पोत्यातली मूठभर साल घेऊन मी शेतकऱ्यामागे रस्त्यावर धावलो. "पैसे नकोत. ही उकळून मुलीला पाजा, दादा, पाया पडतो."

त्यानं साल हातात घेतली, हुंगली आणि अदबीनं माझ्या हातात परत ठेवली.

"राहू द्या साहेब. एकुलती एक पोरगी हाय माझी. तिला तपासलेलंच देतो."