स्कार्थरिगची पाटी

ट्रॅक्टर मागे घेताना मागे बघायचं असतं, हे शेजारच्या विल्फ टायसनला ठाऊक होतं. त्या दिवशी तो नेमका पुढे बघत होता. खाडकन आवाज झाला आणि इडिथच्या फाटकावरची दगडी पाटी चिखलात पडली. एका तुकड्यावर ‘स्कार्थ’, दुसऱ्यावर ‘रिग’.

इडिथ बाहेर आली. विल्फने टोपी काढून मान खाली घातली.

“फोडलीस? बरं झालं. शनिवारी उतरवायचीच होती,” म्हणाली आणि आत गेली. दोन शिव्या दिल्या असत्या तर विल्फला हलकं वाटलं असतं.

शनिवारी तिचं लग्न होतं. साठीला टेकल्यावर, पोस्टमन हर्बर्ट स्मिथशी. माणूस सोन्यासारखा, आडनाव मात्र गल्लोगल्ली सापडणारं. आणि स्कार्थरिग म्हणाल तर उभ्या इंग्लंडात आता एकटी इडिथच. भाऊ युद्धात गेला, चुलत्यांना मूलबाळ नव्हतं. शनिवारी तीही स्मिथ झाली की संपलं.

विल्फ बिचकत स्वयंपाकघरात शिरला. किटली केव्हाची शिट्टी मारत होती आणि इडिथ टेबल ते खिडकी, खिडकी ते टेबल येरझारा घालत होती.

“अगं, बस की जरा.”

“तू बस. तुम्हा टायसनांना काय घोर? डोंगरापलीकडे पोत्यानं पडलेत.”

“हर्बर्ट काय म्हणतो?”

“तो? ‘तुला हवं ते कर’ म्हणतो. रात्रभर तेच डोक्यात घोळवत कूस बदलते मी.”

“पण हे नाव आलं तरी कुठून?”

“कुठून म्हणजे? ही डोंगराची धार, हे घर, यांचं नाव ते. कुणी एक जॉन मेंढ्या कातरायला आला, इथल्या विधवेशी लग्न करून राहिला. लोक त्याला स्कार्थरिगचा जॉन म्हणू लागले. तेच चिकटलं.”

“म्हणजे तुमचा मूळपुरुष घरजावई!” विल्फ खो खो हसला. “आणि हर्बर्टही इथंच येणार राहायला?”

“मग काय, त्याच्या भाड्याच्या खोलीत मेंढ्या कोंबू?”

एवढं बोलून इडिथ खिडकीपाशी थांबली. सकाळपासून पहिल्यांदाच. मग वळून तिने किटली उतरवली आणि चक्क खुर्चीवर बसली.

विल्फला धीर आला. “नवी पाटी मी करून देतो गं. पण नाव कुठलं कोरू?”

“होतं तेच कोर, बदलायचं ते हर्बर्ट बदलेल.”