मागून चालणारी मावशी

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. नेत्रसंशोधन केंद्राच्या तळघरातल्या खोलीत मावशी गुडघे टेकून, काळे बाण काढलेल्या पांढऱ्या चौकोनी पाट्या फरशीवर मांडत होत्या. बाणांच्या वाटेत कुठे स्पंजचा ठोकळा, कुठे पायरीएवढं फळकूट, कुठे छातीशी येणारा आडवा दांडा. मांडणी दर वेळी निराळी, कुणाला पाठ होऊ नये म्हणून.

या वाटेवरून चालतात ते आनुवंशिक आजारानं डोळ्याचा पडदा निकामी होत चाललेले लोक. तिन्हीसांजा झाल्या की त्यांचं जग बंद. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून, बिघडलेल्या जनुकाची धड प्रत त्यांच्या एका डोळ्यात सोडतात आणि मग तो डोळा किती कमी उजेडात वाट काढतो ते पाहतात. मावशींचं काम एकच, त्या माणसाच्या मागून चालायचं. पडला तर धरायचं. एरवी हात लावायचा नाही, बोलायचं नाही, हुं की चूं करायचं नाही.

पूर्वी मावशी एका रुग्णालयाच्या नेत्रविभागात आया म्हणून होत्या. पट्टी बांधलेल्या माणसाला कोपराशी धरून नेणं हा त्यांचा हातखंडा. त्यांना ‘धरू नका’ सांगणं म्हणजे माशाला ‘पोहू नको’ सांगणं. पहिले काही दिवस त्या हाताची घडी घालून, बोटं काखेत दाबून चालायच्या. बोलण्याचीही तीच गत. “तिथं दिवसभर तोंडाला कुलूप,” त्यांचे यजमान म्हणतात, “आणि घरी आली की किल्ली माझ्या कानाशी फिरते.”

त्या दिवशी पाळी वायरमनची होती. वय तिशीचं, पण संध्याकाळनंतरची कामं कधीच सुटलेली. औषध उजव्या डोळ्यात गेलं होतं, डावा बांधलेला. औषधाआधी त्याला दुकानातल्यासारखा लख्ख उजेड लागायचा. नियम असा, की उजेडाच्या ठरलेल्या पायऱ्यांपैकी त्याहून दोन पायऱ्या कमी उजेडात तो चालला, तर डाव्या डोळ्यालाही औषध मिळणार.

जिन्यात लांबवर एकच दिवा असावा, इतक्या, म्हणजे बरोबर दोन पायऱ्या कमी उजेडात तो चालला. एकही चूक नाही.

“बघितलंत?” बाहेर टीव्हीच्या पडद्यावर चित्रण पाहत बसलेली त्याची थोरली बहीण धावत आली. “दांड्याखालून वाकून गेला! घरात स्टुलालासुद्धा लोटांगण घालतो हा.”

“ताई, कौतुक मावशींच्या पावलांचं कर,” वायरमन म्हणाला.

“माझ्या?”

“पुढं काही आलं की तुमचं पाऊल थांबतं ना. मग मी चाचपतो.”

मावशींनी आपल्या पावलांकडे पाहिलं. माणूस अडखळेल म्हणून धरायच्या तयारीनं त्या क्षणभर थांबत. तोंड गप्प, हात गप्प, आणि पाय चहाड्या करत होते. गुण देणाऱ्यांकडे जाणारं चित्रण आवाजाविना जातं. त्यात हे कुणाला कळलं नसतं.

“मावशी, एवढं पोटात ठेवा,” ताई हळूच म्हणाली. “दुसराही डोळा होऊन जाऊ दे त्याचा.”

“आणि पहिल्यात फरकच पडला नसेल तर? मग दुसऱ्यात सुई कशाला?”

“तुमचं काय जातंय पण?”

“माझं काहीच जात नाही. जाणार तो याचा डोळा.”

मावशी सरळ डॉक्टरबाईंकडे गेल्या. सगळं ऐकून बाईंनी एवढंच विचारलं, “आणखी कुणाकुणाच्या मागून चाललात?”

“सगळ्यांच्याच.”

सगळ्या चाचण्या रद्द झाल्या.

मग घरी सराव सुरू झाला. यजमानांचे डोळे बांधलेले, वाटेत खुर्च्या, आणि मागून लोकरी मोजे घातलेल्या मावशी, एका चालीनं. यजमानांची नडगी पलंगावर आपटली. “अगं, थांबायचं तरी!”

“थांबले नाही ना? मग जमलं.”

पुढच्या आठवड्यात वायरमन पुन्हा चालला. त्या अंधुक उजेडात त्यानं ठोकळा उडवला आणि वाटही सोडली. मावशींनी चाल बदलली नाही. उजेड एक पायरी वाढवल्यावर मात्र तो अथपासून इतिपर्यंत नीट गेला. डोळा सुधारला होता, पण एकच पायरी. डाव्याचं औषध लांबलं, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलं.

ताई मावशींशी बोलली नाही. आजही बोलत नाही. वायरमननं पट्टी सोडता सोडता विचारलं, “आज मागं होतात ना? मला वाटलं, चहाला गेलात.”

इतकी मोठी पावती मावशींना कुणी दिली नव्हती. त्यांनी ती घरी यजमानांना जेवण होईपर्यंत तीनदा ऐकवली.

चाचणी रद्द झालेल्या बाकीच्यांना बोलावणी गेली आहेत. त्यातल्या पहिल्या, एक निवृत्त शिक्षिका, उद्या साडेनऊला येतील. औषध डाव्या डोळ्यात गेलेलं, म्हणून त्यांचा उजवा बांधलेला असेल, आणि मागून मावशी चालतील, न थांबता.