टिचकीबाईंचा उजवा कान

चिनीमातीच्या कारखान्यात प्रत्येक कपावर टिचकी मारायची आणि आवाज खणखणीत की बद्द, ते सांगायचे, हे त्यांचे काम. म्हणून सारे त्यांना टिचकीबाई म्हणत. डोळ्यांना न दिसणारी चीर त्यांच्या उजव्या कानाला कळे. देवाचेच ते देणे, आणि देवानेच ते परीक्षेला लावले! त्याच कानाच्या पडद्यामागे कातडीची गाठ वाढली, हाड कुरतडू लागली. गेल्या वर्षी शस्त्रक्रियेने गाठ काढली, कान पुन्हा कामाला लागला. पण रोग मोठा चिवट. कणभर उरला तरी मूळ धरतो.

"पूर्वी गाठ उरली का बघायला कान परत उघडावा लागायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता एमआरआय करू. गाठ असली तर पांढरा ठिपका चमकेल. मग मात्र पुन्हा शस्त्रक्रिया, आणि आहे तेवढं ऐकू येणं राहीलच असं नाही."

बाहेर सोबत आलेली नणंद म्हणाली, "वहिनी, दादाची बडबड ऐकू आली नाही तर सुटलीसच की तू!" बाई हसल्या, पण हसू ओठांतच विरले.

यंत्राच्या बोगद्यात डोके शिरले. ठकठक, घरघर, धडधड! ओठांवर देवाचे नाव, पण कान? कान तर सवयीचा दास! एक ठोका बद्द वाटला मात्र, उजवा कान आपसूक तिकडे वळला.

"मावशी, हललात!" यंत्र चालवणारा म्हणाला. "कानाशी पांढुरकं काहीतरी आलंय. हलल्यामुळे की खरंच, कळत नाही. पुन्हा करू."

पांढुरके! बाई घाईने म्हणाल्या, "कारखान्यात कप वाजवून बघते हो. फुटका आवाज आला की मान वळतेच."

"इथं सगळं फुटलं तरी वळवू नका!"

पुन्हा ठोके सुरू झाले. जन्मभर एकही आवाज पारखल्यावाचून न सोडणाऱ्या बाईंनी प्रत्येक ठोका नुसता जाऊ दिला. केवढी कठीण ही साधना! डोळ्यांतले पाणी कानशिलावर ओघळले, तरी मान हलली नाही.

डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या.

"ठिपका नाही. मघाचं ते हलल्याचंच होतं."

"म्हणजे गाठ नाहीच ना?"

"दिसण्याएवढी नाही. अगदी बारीक असली तर यात सापडत नाही. पुढच्या वर्षी परत बघू."

बाईंनी हात जोडले.

"मग उद्या कामावर जाऊ?"

"जा की."