म्हाळसाबाईंचं दार

मी सुतार. सिद्धाराम माझं नाव, विजापूर रोडला दुकान. बापानं मला दारं बनवायला शिकवलं आणि आता जुळे सोलापूरच्या नव्या फ्लॅटांत मी दारं भिंतीला टांगतो. हसू नका, खरं सांगतोय. ह्याला फार्महाऊस स्टाइल म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला खोट्या तुळया लावायच्या, कंदिलात बल्ब घालायचा, जात्यावर काच टाकून चहाचं टेबल करायचं. नवं कोरं लाकूड आणून साखळीनं झोडपायचं, म्हणजे ते जुनं दिसतं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. पण पोट आहे, करतो.

कुमार सरांचं काम असंच आलं. सर ज्युनियर कॉलेजात शिकवतात, त्यांच्या मिसेस रुपाली मॅडम बँकेत. मॅडमनी मला मोबाईलवर फोटो दाखवला. पांढरी भिंत, तिच्यावर एक जुनं दार टांगलेलं, वरून पिवळा उजेड. म्हणाल्या, "असं दार कुठं मिळेल, मिस्त्री?" मी जुन्या बाजाराचं नाव घेणार, तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेले सर बोलले, "आईच्या घराचं आणू."

मॅडम बघतच राहिल्या. "अहो, आई राहतात की तिथं."

"नवं बसवून देऊ," सर म्हणाले. विषय संपला.

आई म्हणजे म्हाळसाबाई. सांगोल्याच्या पुढं, माळावरच्या एका वाडीत राहायच्या. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा, पुढं अंगण, अंगणात सात शेळ्या. सर सातवीत असताना नवरा गेला. तेव्हापासून बाईनं शेळ्यांच्या मागं फिरून पोरगं एमएपर्यंत शिकवलं. पासष्टीच्या पुढचं वय, पण चालणं असं की मला मागं पळावं लागलं. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं कमी आणि हाताकडं जास्त बघायच्या. मला बघून पहिला प्रश्न केला, "अंगठ्याला काय झालं?" पटाशी लागली होती. आत जाऊन हळद घेऊन आल्या आणि माझा अंगठा धरून लावून पण टाकली. चहा नंतर.

दार बाभळीचं होतं, दोन फळ्यांचं. असलं जड की दोघांना उचलंना. सर आईला म्हणाले, "आई, हे दार घरी नेऊ का? हॉलमध्ये लावायचंय." मला वाटलं, आता बाई काठी घेते. माझा बाप तर चूल पेटत्या घराचं दार उतरवायचा नाही, कुणी कितीही सांगो. पण म्हाळसाबाई पोराकडं बघत म्हणाल्या, "ने की. तुजंच हाय."

"मिस्त्री आठ दिवसांत नवं करून बसवतील. तोवर तू आमच्याकडं चल."

"आटच दिवस बरं का, बाबा," हे मला. मी चौकटीचं माप घेतलं आणि आठ दिवस म्हणजे आठच, असा शब्द दिला. शेळ्या शेजारी राहणाऱ्या दिराकडं, येडूकडं सोपवल्या. उघड्या चौकटीला मी पत्रा लावून तारेनं आवळला. गाडी निघाली तेव्हा बाई मागच्या काचेतून त्या पत्र्याकडं बघत होत्या. मला उगीचच अपराध्यासारखं वाटायला लागलं.

फ्लॅटमध्ये दार बसलं. मॅडमना ते पांढरट करून हवं होतं, मग वर चुन्यासारखा रंग मारून घासून काढला. मी घासत होतो आणि म्हाळसाबाई शेजारी खाली बसून बघत होत्या. कडीला रंग लागला तो पदरानं पुसला. मॅडम वाईट नाहीत हो. सासूला सोफ्यावर बसा म्हणून चारदा सांगायच्या, भाकरीला ज्वारीचं पीठ मुद्दाम दळून आणायच्या. पण बाईंना बसायला ते दारच बरं वाटायचं. पाठ त्याला टेकवून त्या भाजी निवडायच्या. आणि सकाळी उठून, आता काय सांगावं, दारापुढं पाणी मारायच्या. हॉलमध्ये. चाळीस वर्षांचा हात, तो कुठं ऐकतो. खाली मॅडमनी लाकडासारखी दिसणारी फरशी टाकलेली, ती पाण्यानं फुगून वर आली.

मी नवं दार सातव्या दिवशी तयार केलं. चांगल्या कडुनिंबाचं, पॉलिश न मारता, माझ्या बापानं केलं असतं तसं. सरांना फोन केला. म्हणाले, "थांबा जरा, परीक्षा चालू आहेत." पुढच्या आठवड्यात म्हणाले, गाडी नाही. मग म्हणाले, मी कळवतो. इकडं मी फ्लॅटवर किरकोळ कामाला गेलो की बाई विचारायच्या, "दार झालं का, बाबा?" मी आपला कायतरी सांगून वेळ मारून न्यायचो. असं दीड महिना. शेवटी माझी सटकली. सरांना म्हटलं, तुम्ही येऊ नका, मी टेम्पो करतो, बाईंना पुढं बसवतो आणि रविवारी दार बसवून मोकळा होतो.

त्याच संध्याकाळी सर दुकानात आले. उभं केलेलं दार त्यांनी बघितलं, हात फिरवला, आणि म्हणाले, "मिस्त्री, हे बसवू नका."

मग सांगितलं. मागच्या पौषात आई अंगणात घसरून पडली. सकाळी पडली ती दुपार कलेपर्यंत तशीच. उठता येईना, हाक कुणाला जाईना. शेळ्या भोवती उभ्या. येडूकाका आले तेव्हा कळलं. त्यांना तिनं शपथ घातली, कुमारला सांगू नका. काकांनी पुढं दोन महिन्यांनी सांगितलं. "चल म्हणून किती वेळा पाया पडलो. येत नाही. मी तिथं राहू शकत नाही. मग दार मागितलं. दुसरं काय करू, तुम्ही सांगा."

मी भांडायला बसलो होतो, आणि एवढा शिकलेला माणूस लाकडाच्या ढिगावर बसून रडत होता.

चार दिवसांनी फुगलेली फरशी बदलायला गेलो. घरात बाई एकट्याच. मी मान खाली घालून फळी उचकटत होतो. म्हटलं, आज विचारू नये बाईनं. तर त्या जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दार करून ठिवलंय न्हवं तू?"

मी फळी उचकटत राहिलो.

"ठिवलंयस. तुज्या हातावरनं कळतंय, तू काम आडवून ठिवनारा न्हाईस. आनि कुमार बसवू देत न्हाय, त्ये बी कळतंय." मग हळू आवाजात म्हणाल्या, "दार मागितलं तवा त्यो माज्या पायाकडं बगत हुता. ल्हानपनी खोटं बोलायचा तवा असाच बगायचा. तवाच वळीकलं, येडूभावजीनं सांगितलंय ह्याला."

"मग दिलं कशाला, मावशी?"

"पोरानं कदी काय मागितलं न्हाय रं."

मी पटाशी खाली ठेवली. म्हटलं, "मावशी, तुम्हाला जायचंय की नाही? सांगा. मी आत्ता टेम्पो आणतो."

"जायचंय की. रोज जायचंय. डोळं उगडलं की शेळ्याच दिसत्यात." डोळे पदरानं पुसले. "पर पुन्यांदा पडले तर ह्यो नोकरी सोडून यील बग. मग एवडं शिकवलं कशापायी?"

"मग सरांना सरळ सांगा, मी इथंच राहते म्हणून. त्यांच्या जिवाला घोर लागलाय."

"तसं म्हनलं तर त्याला कळंल, आईला समदं ठावं हाय. आईचं घर फसवून उगडं केलं, ह्ये त्याला जल्मभर खाईल. त्यापरीस मी ईचारत जाईन. तू न्हाय म्हनत जा."

मी नवी फळी बसवायला घेतली.

साडेपाचला सर आले. चप्पल काढली, मला बघितलं आणि तिथंच थबकले. म्हाळसाबाई भिंतीवरच्या दाराला टेकून मेथी निवडत होत्या. मान वर न करता, आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यांनी विचारलं, "काय रं मिस्त्री, माज्या दाराचं काय झालं? आट दिवस म्हनला हुतास."

सर माझ्याकडं बघायला लागले. बाई मेथीकडं.

"लाकूड मिळंना, मावशी," मी म्हणालो.